पहिलं फंडिंग: पैसा कोणाचा घ्यायचा आणि माणसं तपासायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघांनी मिळून एक सॉफ्टवेअर बनवलंय, चार-पाच कंपन्या ट्रायलवर वापरतायत. एकजण पूर्णवेळ करतो, दुसरा नोकरी सांभाळून, आणि तिसऱ्याने सुरुवातीचा बराचसा कोड लिहिला पण आता तो अधूनमधूनच उगवतो. शेअर तिघांत सारखे, तेही तोंडी ठरलेले. आता एक मध्यस्थ भेटलाय, तो म्हणतो माझ्याकडे इन्व्हेस्टर तयार आहे, ५ लाख डॉलर उभे करून देतो, फक्त आधी ड्यू डिलिजन्सची, म्हणजे कंपनीच्या तपासणीची, फी भरा आणि मला १० टक्के शेअर द्या. हे घ्यायचं का, आणि या सगळ्या मंडळींवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

मी आधी स्वतःच्या कंपनीसाठी लोकांकडे पैसे मागत फिरलोय आणि आता बरीच वर्षं इतरांच्या कंपन्यांत लावतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

मध्यस्थाचं उत्तर सोपं आहे, नाही म्हणा. इन्व्हेस्टर तुमची तपासणी करतो ती स्वतःच्या खर्चाने करतो, कारण पैसे त्याचे बुडणार असतात. मोठ्या राउंडमध्ये, म्हणजे पैसे उभारायच्या फेरीत, इन्व्हेस्टरच्या वकिलाचं बिल कंपनीच्या माथी मारायची पद्धत आहे हे खरं, पण ते टर्मशीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, लिहिलेलं असतं, त्याला वरची मर्यादा असते आणि ते राउंडचे पैसे आल्यावर त्यातून दिलं जातं. पैसे यायच्या आधी तुमच्या खिशातून काढायचं नसतं. आधी फी मागणाऱ्यांचा साचा ठरलेला असतो, पहिली फी भरली की मग वकिलाची फी, मग एस्क्रोची (पैसे त्रयस्थाकडे ठेवायची), मग कसलासा इन्शुरन्स, आणि प्रत्येक वेळी पैसे अगदी पुढच्या आठवड्यात येणार असतात. आणि १० टक्के कशाबद्दल हो? जो सल्लागार खरंच महिन्यातून काही तास देतो, ग्राहक जोडून देतो, त्याला साधारण पाव ते एक टक्का मिळतो आणि तोही दोनेक वर्षांत हळूहळू. शिवाय गुंतवणूक आणून देऊन त्यावर कमिशन घ्यायला बऱ्याच देशांत लायसन्स लागतं, अमेरिकेत तर ब्रोकर-डीलर म्हणून तिथल्या सिक्युरिटीज नियामकाकडे नोंदणी लागते. तुमच्या देशात काय लागतं ते त्यालाच विचारा आणि नोंदणी क्रमांक मागा. नाव सांगायलाही तयार नसलेला इन्व्हेस्टर 'तयार' असतो, हे ऐकूनच मला हसू येतं.

पण खरं सांगू का, तुमचं घोडं मध्यस्थापाशी अडलेलंच नाहीये. उद्या अगदी चोख एंजल, म्हणजे स्वतःचे पैसे लावणारा इन्व्हेस्टर, समोर येऊन बसला तरी तो तुमचं कॅप टेबल, म्हणजे कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता, बघून उठून जाईल. एक तृतीयांश कंपनी अशा माणसाकडे आहे जो काम करत नाही, आणि एक तृतीयांश अशा माणसाकडे जो नोकरी सोडून पूर्णवेळ कधी येईल ते नक्की नाही. इन्व्हेस्टरच्या नजरेत हा शेअर मेलेला असतो, कारण ज्यांना पुढची सात-आठ वर्षं राबायचंय त्यांच्या वाट्याचा तो आहे.

यावर उपाय जुना आहे, व्हेस्टिंग, म्हणजे शेअर एकदम न मिळता काम करत राहील तसे हळूहळू आपले होणं. नेहमीची पद्धत म्हणजे चार वर्षं आणि त्यात एक वर्षाचा क्लिफ. वर्ष व्हायच्या आत जो गेला त्याला शून्य, वर्ष पूर्ण झालं की २५ टक्के एकदम, आणि मग दर महिन्याला एकअठ्ठेचाळीसांश. म्हणजे दीड वर्षाने कोणी सोडलं तर त्याच्या ठरलेल्या हिश्शातले ३७.५ टक्के तो घेऊन जातो, उरलेले कंपनीकडे परत येतात. आधी केलेल्या कामाचं श्रेय द्यायचं असेल तर घड्याळ मागच्या तारखेपासून चालू करता येतं, त्यामुळे तिसऱ्यावर अन्यायही होत नाही. हे तिघांनाही लागू करायचं, पूर्णवेळवाल्यालाही, नाहीतर बाकीचे दोघं सही करणार नाहीत आणि करूही नये.

सगळे हे टाळतात कारण दोस्तीत असं कागदावर कसं मागायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अक्षरशः खरं ठरतं. स्नॅपचॅटचंच बघा, कल्पना आपली होती असं म्हणणारा तिसरा कॉलेजमित्र रेजी ब्राउन बाहेर पडला, त्याने २०१३ मध्ये केस टाकली, २०१४ मध्ये तडजोड झाली, आणि तडजोडीची रक्कम जगाला कळली ती २०१७ मध्ये कंपनीने आयपीओची कागदपत्रं दाखल केली तेव्हा, १५.७५ कोटी डॉलर. त्यांच्याकडे तोवर द्यायला पैसे होते. तुमच्याकडे असं भांडण दुसऱ्या वर्षी आलं तर राउंडच होणार नाही, कारण चालू केस असलेल्या कंपनीत कोण पैसे घालतो.

व्हेस्टिंगच्या जोडीने कोडची मालकी. बऱ्याच देशांत नियम असा की कोड ज्याने लिहिला कॉपीराइट त्याचा, तो कंपनीचा पगारी कर्मचारी असेल किंवा त्याने लेखी हक्क सोपवले असतील तरच कंपनीचा. तुमचा तिसरा यातलं काहीच नाहीये. म्हणजे आज जे प्रॉडक्ट तुम्ही विकायला निघालात त्याचा मोठा तुकडा कायद्याने बहुतेक त्याचाच आहे, आणि त्याला स्वतःलाही हे माहीत नसेल. माहीत व्हायच्या आत, संबंध बरे आहेत तोवर, आयपी असाइनमेंटवर, म्हणजे कोडचे हक्क कंपनीला सोपवायच्या कागदावर, सही घ्या, आणि ती फसवून नाही तर समजावून घ्या, त्याच बैठकीत त्याला किती टक्के ठेवायचे तेही ठरवून टाका. नोकरीवाल्या पार्टनरचं अजून नाजूक आहे, त्याचं एम्प्लॉयमेंट काँट्रॅक्ट काढून वाचा, त्यात 'नोकरीच्या काळात केलेलं सगळं काम कंपनीचं' असं कलम असतं बऱ्याचदा, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळ जरी लिहिली असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पैशाकडे. पैसा किती प्रकारचा असतो याची यादी सगळीकडे मिळते, म्हणून ती परत देत नाही. माझं मत विचाराल तर तुमच्याकडे चार-पाच ट्रायलवाले आहेत त्यातल्या दोघांना बिल पाठवा. थोडंसं का होईना. पैसे देणारे दोन ग्राहक असलेली कंपनी आणि फुकट वापरणारे पाच असलेली कंपनी यांच्याशी इन्व्हेस्टर वेगवेगळ्या आवाजात बोलतो, आणि क्वचित असंही होतं की बाहेरचा पैसा लागतच नाही. मेलचिंप या ईमेल मार्केटिंगवाल्या कंपनीने बाहेरच्या इन्व्हेस्टरकडून काही न घेता २००१ पासून कंपनी चालवली आणि २०२१ मध्ये इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीला साधारण १२ अब्ज डॉलरला विकली. असं सगळ्यांचं होत नाही हे मलाही कळतं, पण फंडिंग म्हणजेच यश हे डोक्यातून काढायला बरं पडतं.

घ्यायचाच असेल तर या टप्प्यावर बहुतेक सेफ किंवा कन्व्हर्टिबल नोटवर घेतात. सेफ म्हणजे पैसे आज घ्यायचे आणि शेअर पुढच्या राउंडला द्यायचे असा करार, नोट म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज. सेफ वाय काँबिनेटर या नवख्या स्टार्टअपना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये त्याचं पोस्ट-मनी रूप काढलं, आणि आज कोणी सेफ म्हटलं तर बहुधा हाच. नोटमध्ये व्याज असतं आणि मुदत असते, मुदत संपली आणि राउंड झाला नसेल तर देणारा परत मागू शकतो. सेफमध्ये व्याजही नाही आणि मुदतही नाही, म्हणून फाउंडरना तो फुकटचा वाटतो. तिथेच पाणी मुरतं. कॅप म्हणजे शेअर देताना धरायची कंपनीची जास्तीत जास्त किंमत, आणि पोस्ट-मनी म्हणजे ती किंमत आलेले पैसे धरून. ५० लाखांच्या पोस्ट-मनी कॅपवर ५ लाख घेतले की १० टक्के गेले. मग दोन महिन्यांनी कोणीतरी ४० लाखांच्या कॅपवर ३ लाख देतो, अजून साडेसात. मग ६० लाखांच्या कॅपवर ३ लाख, अजून पाच. कोणी कधी बेरीज करत नाही कारण शेअर अजून कागदावर आलेलेच नसतात, पण साडेबावीस टक्के गेलेत आणि सगळे फाउंडरच्याच खिशातून, कारण पोस्ट-मनी सेफ एकमेकांना कापत नाहीत. त्यावर पहिला रीतसर राउंड झाला, नव्या इन्व्हेस्टरला २० टक्के आणि एम्प्लॉयी पूलला, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखीव शेअरना, १० टक्के, की तुमच्या तिघांकडे मिळून ५४ आणि पाव टक्का, प्रत्येकी अठराच्या आसपास. आणि त्यातला एक काम करत नाही! म्हणून वर एवढं व्हेस्टिंगचं पुराण लावलं.

पूलवरून आठवलं, टर्मशीटमध्ये व्हॅल्युएशनच्या आकड्याशेजारी 'पूल प्री-मनीत (म्हणजे पैसे यायच्या आधीच्या किमतीत) धरला आहे' असं वाक्य असेल तर आकडा खोटा समजा. ८० लाख प्री-मनी, २० लाख येणार, १ कोटी पोस्ट-मनी, त्यात १० टक्के पूल आधीच काढायचा म्हणजे १० लाखांचे शेअर तुमच्या वाट्यातून गेले, तुमची खरी प्री-मनी ७० लाख.

आणि एक कलम मात्र बोट ठेवून वाचाच, लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली की आधी इन्व्हेस्टर किती उचलणार ते. एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग (एकतर घातलेले पैसे परत नाहीतर शेअरचा वाटा, दोन्ही नाही) असेल तर ठीक, ते सर्रास असतं. समजा एकाने २० टक्क्यांसाठी २० लाख घातले आणि कंपनी फार काही न चालता ५० लाखांना विकली गेली. एकपटवाला आपले २० लाख घेईल, बाकीच्यांना ३० उरतील. तेच दुप्पट आणि पार्टिसिपेटिंग असेल तर तो आधी ४० लाख उचलतो, मग उरलेल्या १० लाखांतले २० टक्के म्हणजे अजून २, एकूण ४२, आणि तुम्हा सगळ्यांना मिळून ८ लाख. व्हॅल्युएशनवर तीन आठवडे घासाघीस करणारे फाउंडर या ओळीवर न वाचता सही करतात, हे मी डोळ्याने बघतो.

आता माणसांची तपासणी, म्हणजे मूळ प्रश्न. पहिली गोष्ट, मोठी नावं बघून थांबायचं नाही. थेरानोस या रक्ततपासणीवाल्या कंपनीच्या बोर्डावर अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री होते, जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर, आणि पुढे संरक्षणमंत्री झालेले जनरल मॅटिसही, रक्ततपासणीतलं कळणारं जवळजवळ कोणी नाही. नाव मोठं लक्षण खोटं. कंपनीने ७० कोटी डॉलरहून जास्त उभे केले. इन्व्हेस्टरना दाखवलेल्या रिपोर्टवर फायझर आणि शेरिंग-प्लाउ या औषध कंपन्यांचे लोगो होते, ते लोगो आपणच लावले असं कंपनीची संस्थापक एलिझाबेथ होम्सने २०२१ च्या खटल्यात कबूल केलं. एका फोनचं काम होतं, फायझरमधल्या माणसाला विचारायचं की बाबा हा रिपोर्ट तुमचा का. प्रत्येकाला वाटलं आधीच्याने विचारलं असेल.

दुसरं उदाहरण तर बँकेचं आहे. जेपी मॉर्गनने २०२१ मध्ये फ्रँक नावाची विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या आर्थिक मदतीचे अर्ज भरायला मदत करणारी कंपनी १७.५ कोटी डॉलरला घेतली, ४० लाखांहून जास्त ग्राहक आहेत म्हणून, प्रत्यक्षात ३ लाखही नव्हते. तपासणी झाली नव्हती असं नाही, यादी त्रयस्थ कंपनीकडून पडताळून घेतली होती, पण पडताळणी कशाची तर रकाने भरलेत का आणि ओळी किती आहेत याची. यादीच बनावट डेटा तयार करून दिलेली. बँकेने नंतर त्या लोकांना ईमेल पाठवले तेव्हा बिंग फुटलं. फाउंडर चार्ली जेव्हिस २०२५ मध्ये दोषी ठरली.

हे तुम्हाला का सांगतोय, तर तपासणी दोन बाजूंनी असते. तुमच्याकडे येणारा इन्व्हेस्टर या गोष्टी वाचून आलाय, तो तुमच्या ट्रायलवाल्यांना फोन करणार, आणि तुम्ही स्लाइडवर 'पाच ग्राहक' लिहिलं असेल आणि पलीकडचा म्हणाला की आम्ही नुसतं लॉगिन करून बघितलं होतं, की विषय संपला, प्रॉडक्ट कितीही भारी असो. ट्रायलला ट्रायल म्हणा. एखादी गोष्ट अडचणीची आहे, तिसऱ्या पार्टनरची किंवा कोडची, ती तुम्हीच दुसऱ्या भेटीत सांगून टाका. मी स्वतः सांगितलेल्या भानगडींवर पैसे घातलेत, सापडलेल्या भानगडीवर नाही.

इन्व्हेस्टरला तपासायचं ते असं. त्याने दिलेल्या रेफरन्सशी बोला पण त्यावर विसंबू नका, ती मंडळी त्याने निवडलेली आहेत. त्याने पैसे घातलेल्या कंपन्यांची यादी मिळवा आणि त्यातल्या बंद पडलेल्या दोन-तीन कंपन्यांच्या फाउंडरना शोधून काढा, हे लोक मोकळेपणी बोलतात कारण त्यांना आता गमवायचं काही नसतं. त्यांना 'माणूस कसा आहे' असं विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. विचारा की पैसे संपत आले तेव्हा हा काय करत होता, फोन उचलायचा का, ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला आले का, दुसऱ्या इन्व्हेस्टरसमोर तुमच्याबद्दल काय बोलला. शेवटी विचारा की परत याच्याकडून घ्याल का, आणि मग गप्प बसा, समोरचा किती वेळ घेतो ते ऐका. फोन ठेवताना अजून कोणाशी बोलू असं विचारलंत की पुढचा नंबर मिळतो, आणि तो नंबर इन्व्हेस्टरच्या यादीत नसतो, तोच कामाचा.

त्याला स्वतःला विचारायचे प्रश्नही आहेत आणि लाजायचं काही कारण नाही. शेवटचा चेक कधी लिहिला? निर्णय तुम्ही घेता की वर कोणाला विचारावं लागतं? फंड असेल तर तो कितव्या वर्षात आहे, कारण व्हीसी, म्हणजे इतरांचे पैसे गोळा करून स्टार्टअपमध्ये लावणाऱ्या, फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात आणि आठव्या वर्षातला फंड तुमच्यात नवीन पैसे घालून दहा वर्षं थांबणार नाहीये, त्याला बाहेर पडायची घाई असणार. पुढच्या राउंडसाठी राखीव पैसे ठेवता का? आमच्या स्पर्धकात पैसे आहेत का? वैयक्तिक गुंतवणूकदार असेल तर पैसा कुठून आला हेही, कारण पुढे बँक आणि मोठे इन्व्हेस्टर तुम्हालाच ते विचारणार आणि तेव्हा तो कॅप टेबलवरून पुसता येत नाही.

बाकी कागदी तपास स्वस्त आहे आणि एका दुपारचं काम आहे. कंपनी नोंदणीच्या सरकारी रेकॉर्डमध्ये त्याच्या नावावर कुठल्या कंपन्या आहेत, किती दिवाळखोरीत गेल्या, कोर्टात केस आहेत का. एक केस दिसली म्हणून घाबरायचं नाही, धंदा करणाऱ्याच्या नावावर एखादी असतेच, पण जुन्या पार्टनरनीच केलेल्या तीन असतील तर चौथे तुम्ही. आणि खऱ्या फंडाचं नाव वापरणारे तोतये पण असतात, म्हणून ईमेलचं डोमेन अक्षर अक्षर बघा आणि फंडाच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा की हा माणूस तुमच्याकडे आहे का. खाते क्रमांक बदललाय असा मेल कधीही आला तरी असाच फोन.

एक बारीकसं, एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार. पहिल्या भेटीत व्हीसीला एनडीए मागू नका, ते बहुतेक सही करत नाहीत आणि तुम्ही नवखे दिसता. त्याऐवजी गुपित सांगूच नका, सोर्स कोड आणि ग्राहकांची नावं टर्मशीट आल्यावर. आणि टर्मशीट बहुतेक बंधनकारक नसली तरी त्यातली गोपनीयता आणि नो-शॉप ही कलमं बंधनकारक असतात, सही केली की ३० ते ४५ दिवस दुसऱ्याशी बोलता येत नाही, म्हणून माणसाची सगळी तपासणी सहीच्या आधी, नंतर नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. या आठवड्यात तिघं बसा, व्हेस्टिंग आणि आयपीचा कागद करा, स्टार्टअपची कामं करणाऱ्या वकिलाकडून, ओळखीतल्या मालमत्तेच्या वकिलाकडून नको. तिसरा सही करायला नाही म्हणाला तर इन्व्हेस्टरकडे जाऊच नका, आधी ते मिटवा, त्याच्याकडून हक्क विकत घ्यावे लागले तरी आत्ता स्वस्तात पडतील. मग दोन ट्रायलना बिल. मध्यस्थाला एक साधा मेल टाका, आगाऊ फी देणार नाही, शेअर देणार नाही, पैसे खात्यात आल्यावर कायद्यात बसेल ती फी देऊ, आणि इन्व्हेस्टरचं नाव कळवा. त्यावर काय उत्तर येतं ते इथे लिहा, आणि टर्मशीट आलीच तर नावं झाकून प्रेफरन्स आणि पूलवाली दोन कलमं टाका, बघून सांगतो.